हीटरच्या कॉकवरचा ठिपका

संशय हा माझा स्वभाव आहे की माझी नोकरी, हे मला आता वेगळं करून सांगता येत नाही. बावीस वर्षं मी वीज कंपनीच्या तपासणी पथकात आहे. लोकांच्या घरी जायचं, मीटरचं सील उजेडात धरून बघायचं, तारेला कुणी हात लावलाय का ते चाचपायचं, आणि घरमालक फारच आग्रहानं चहाचं विचारू लागला की समजायचं, इथं काहीतरी आहे. ही नजर संध्याकाळी ऑफिसात काढून ठेवता येत नाही. दूधवाल्याचं माप, भाजीवाल्याचा तराजू, शेजारणीची सर्दी, मला सगळ्यातच काहीतरी दिसतं. माझं लग्न झालं नाही त्याचं कारणही आई हेच सांगते. "पाहाले आलेल्या पोराले हिनं इतके सवाल केले, का थो पोहे न खाताच गेला."

तर गाडीची गोष्ट. बाबा कोराडीच्या वीजकेंद्रात बॉयलरवर ऑपरेटर होते. छत्तीस वर्षं शिफ्ट ड्यूटी. रिटायर झाल्यावर कॉलनीतलं क्वार्टर सोडून आम्ही शहरात घर केलं, ते दोघं खाली आणि मी वर. दहा-बारा वर्षं बाबा शहाण्यासारखे वागले. मग एका दुपारी ते एक पिवळी, बुटकी, दोन सीटची स्पोर्ट्स कार घेऊन फाटकापाशी उभे राहिले. कुण्या साहेबानं हौसेनं परदेशातून आणलेली, पंचवीस-तीस वर्षांची जुनी गाडी. साहेब नागपूर सोडून चालले होते आणि बाबांनी घरात कुणालाही न विचारता ती घेऊन टाकली. तिच्यात बसायचं म्हणजे पाटावर बसल्यासारखं बसायचं आणि उठायचं म्हणजे कुणीतरी हात द्यायचा.

आई दारातूनच म्हणाली, "या वयात हे बुटकं घोडं काहून?"

पण पंधरा दिवसांत फाटकापाशी बाबांच्या आधी तीच जाऊन उभी राहायला लागली. मला ते चमत्कारिक वाटलं, आणि खरं सांगायचं तर थोडं खटकलंही. आमच्या लहानपणी बाबा रात्रपाळी करून दिवसा झोपायचे, तेव्हा आई आम्हाला खुणेनं बोलायला लावायची. कुकरच्या शिट्टीवर ओलं फडकं धरायची. ती दोघं मिळून कुठं गेल्याचं मला एकदाही आठवत नाही. आता दर रविवारी विहारातली वंदना आटोपली, की पांढऱ्या साडीतच ती त्या गाडीत बसायची आणि दोघं कामठीला मोठ्या मावशीकडे जायची. मावशी अंथरुणाला खिळलेली आहे आणि आईनं भरवलं तरच रविवारी दोन घास जास्त खाते. बस आहे, शेअर ऑटो आहे, मी आहे. पण आईला जायचं असायचं ते त्या गाडीतून. दोनच सीट असल्यामुळे "मी पण येतो" असं तिसऱ्या कुणाला म्हणताच येत नसे.

अडचण एकच होती. गाडी आतून भट्टीसारखी तापायची. थंड देशात बनलेली, तिच्यात एसी नाही, हीटर मात्र आहे. नागपूरच्या उन्हाळ्यात तिच्यात बसलं की पायाची नडगी भाजल्यासारखी व्हायची आणि समोरच्या जाळीतून येणारी हवा तोंडावर घेववत नसे. मागच्या वर्षी मे महिन्यात आई मावशीच्या दारातच चक्कर येऊन पडली. ऊन लागलं होतं. दोन दिवस सलाईन लावावं लागलं.

यंदा एप्रिल लागताच पुण्याहून भावाचा फोन आला. मी फोन स्पीकरवर ठेवला, म्हणजे सगळ्यांना ऐकू जाईल. तो म्हणाला, नवतपा लागायच्या आत गाडी आतून बसण्यासारखी झाली तर ठीक, नाही तर विकायची, गिऱ्हाईक त्याच्याजवळ आहे. नवतपा म्हणजे मे अखेरचे ते नऊ दिवस, ज्यांत कावळेसुद्धा नळाखाली येऊन बसतात. मी भावाचं मान्य केलं आणि वर माझं एक वाक्य जोडलं. म्हटलं, "आतल्या गरमीचं मी बघते. पण ही गाडी रस्त्यात एकदा जरी उकळली, तर दुसऱ्या दिवशी मीच विकीन."

बाबा पाणी प्यायला उठून गेले. आई लसूण सोलत होती, ती सोलतच राहिली. त्या वेळी मला त्यात काही वावगं दिसलं नाही.

गॅरेज आमच्या घरापासून जवळच्याच एका गल्लीत आहे. मेकॅनिक माझ्याच वयाचा, शांत, आणि शांत माणसांवर माझा विश्वास नाही. पहिल्याच दिवशी त्याला बजावून सांगितलं, "भाऊ, फक्त आतली हवा आणि गरमी. इंजिनला हात लावायचा नाही." मेकॅनिकला इंजिन दाखवलं की त्यात दहा रोग निघतात, हे मी जाणून होते. तो म्हणाला, "ठीक हाय, ताई." मग मी स्टूल घेऊन बाजूलाच बसले.

काम त्यानं नीट केलं, हे कबूल करायला हवं. काचेखालच्या जाळीतून, जिथून गाडी बाहेरची हवा आत घेते, त्यानं मूठ मूठ कडुनिंबाचा पाला काढला. पंख्याच्या पात्यांत उंदरानं कापूस भरून ठेवला होता, तो काढला. इंजिन आणि आपले पाय यांच्यामध्ये जो पत्रा असतो, त्याला वायरींसाठी भोकं होती आणि त्यांतली रबरी बुचं कधीच झडून गेली होती. प्रत्येक भोकापाशी त्यानं माझा हात नेऊन धरला. इंजिनची गरम वाफ सरळ आत येत होती. त्यानं नवी बुचं बसवली, बॉनेटच्या मागच्या कडेला रबरी पट्टी लावली, म्हणजे इंजिनची हवा जाळीत शिरणार नाही, आणि पायाखालच्या गालिच्याखाली गरमी अडवायला चंदेरी पाठीचा जाड नमदा, दाबलेल्या लोकरीचा थर, अंथरला. दोन दिवस मी जुनी बुचं, जुनी पट्टी, सगळं पिशवीत भरून घरी आणत होते. न जाणो, जुनंच पुसून परत बसवायचा.

तिसऱ्या दिवशी तो बॉनेटमधून डोकं बाहेर काढून म्हणाला, "ताई, एक गोष्ट सांगू का? तुमचा हीटर चालू हाय."

"नागपुरात? उन्हाळ्यात?"

"मी खोटं काहून सांगीन?" त्यानं दाखवलं. इंजिनचं गरम पाणी एका नळीतून आत डॅशबोर्डमागच्या छोट्या जाळीत जातं आणि तिथली हवा तापवतं. त्या नळीवर एक कॉक होता आणि तो पूर्ण उघडा होता. त्यानं आतून येणारी त्याची केबल काढून टाकली, म्हणजे कॉक आतून उघडता येणार नाही, तो हातानं बंद केला आणि पंखा लावला. आत साधी हवा आली. उन्हाळ्याचीच, पण तोंडावर घेता येईल अशी.

बाबांना विचारलं, हे कधीपासून उघडं होतं. ते म्हणाले, "जुनी गाडी हाय. जाम झाला असन." आणि पेपर वाचू लागले. पेपर आदल्या दिवशीचा होता.

पुढच्या रविवारी दोघं कामठीहून परत आली. मी फाटकातच उभी होते. आधी बॉनेटला हात लावला, मग गाडीत डोकं घालून पंखा सुरू केला. गरम. पहिल्यासारखीच गरम हवा. बॉनेट उघडलं तर कॉक उघडा.

आता मला गॅरेज सील तुटलेल्या मीटरसारखं दिसू लागलं. एकदा दुरुस्त केलेलं काम आपणच बिघडवायचं आणि गिऱ्हाईक पुन्हा बोलवायचं, ही युक्ती काही नवी नाही. गेले. तो म्हणाला, "मी बंद केला होता. तुमी स्वतः पाहिलं." ते मी पाहिलं होतं, म्हणूनच जास्त राग आला. त्यानं पुन्हा बंद केला. पुन्हा रविवार, पुन्हा उघडा.

आणि बोलता बोलता त्याच्या तोंडून निघून गेलं, की पुण्याच्या साहेबांचाही, म्हणजे माझ्या भावाचाही, फोन आला होता, काम कुठवर आलं ते विचारायला. झालं. माझ्या डोक्यात सगळं जुळलं. गिऱ्हाईक भावाजवळ, नवतपा पंधरा दिवसांवर, आणि कॉक आपोआप उघडतो. सख्ख्या भावाबद्दल असं मनात आणावं का? माझ्या मनात आलं. चार रात्री मी त्याच्याशी मनातल्या मनात भांडले, आणि प्रत्यक्षात त्याचा फोन आला तेव्हा गोड आवाजात म्हटलं, "सगळं मस्त चाललंय."

सील लावायचं ठरवलं. आमच्या कामात एक साधी गोष्ट आहे: चोर सापडत नसेल तर आधी चोरीची वेळ शोधा. भाची मागच्या दिवाळीत लाल नेलपॉलिशची बाटली विसरून गेली होती. शनिवारी सकाळी बाबा फिरायला गेले तेव्हा मी बॉनेट उघडून कॉक बंद असल्याची खात्री केली आणि कॉकची दांडी व खालचा पितळी भाग या दोन्हींवर मिळून एक ठिपका दिला. दांडी केसभर हलली तरी ठिपका मधोमध फुटणार. वाळेपर्यंत तिथंच उभी राहिले. रविवारी विहारात जायला दोघं निघायच्या आधी पाहिलं, ठिपका शाबूत. दुपारी परत आली तेव्हा ठिपक्याचं अर्धं वर, अर्धं खाली.

म्हणजे गॅरेज नाही. भाऊही नाही. घर ते कामठी आणि कामठी ते घर, एवढ्यात कुणीतरी.

मग एकेक गोष्ट डोळ्यांपुढे येऊ लागली. दर रविवारी आमच्या दोरीवर दोन ओले टॉवेल वाळत असायचे. आईची पांढरी साडी मानेपाशी आणि खांद्यांवर ओली असायची. चेहरा लालबुंद. विचारलं तर म्हणायची, "उन्हाळा हाय, बाई." बाबांच्या खिशात दोन कांदे, ऊन लागू नये म्हणून आमच्याकडे ठेवतात तसे, पण एका माणसाला एक पुरतो. बाबांवर संशय पक्का झाला. मला वाटलं, त्यांनाच गाडी नकोशी झाली आहे. सत्तरी उलटली, गियर टाकताना खांदा दुखतो, आणि आईला नाही म्हणायची हिंमत नाही. म्हणून हळूच कॉक उघडायचा, गाडी गरमच राहू द्यायची, म्हणजे मुलं विकतील आणि वाईटपणा मुलांवर. पटण्यासारखं होतं. मला बाबांची कीवही आली आणि रागही.

पुढच्या रविवारी त्यांच्यामागे गेले. डोक्याला, तोंडाला स्कार्फ बांधला, गॉगल लावला. नागपुरात मे महिन्यात स्कूटरवरची प्रत्येक बाई अशीच दिसते, सख्खा बापही ओळखणार नाही. विहाराबाहेरून ती दोघं निघाली, आणि मी मध्ये चार गाड्या ठेवून कामठी रोडला लागले. अकरा वाजले होते. डांबर चकाकत होतं. पहिल्या सिग्नलला गाडी बराच वेळ अडकली. दुसऱ्या सिग्नलच्या अलीकडे ती डावीकडे वळून एका कडुनिंबाखाली थांबली. मी पुढच्या पानठेल्यापाशी स्कूटर लावली.

बाबांचं दार उघडलंच नाही. आईचं उघडलं.

ती दाराला धरून, गुडघ्यावर हात ठेवून उठली. गाडीला वळसा घालून समोर आली. बाबांनी आतून काहीतरी ओढलं असेल, बॉनेट फटीएवढं उचललं गेलं. आईनं ते दोन्ही हातांनी वर केलं, काठी लावली, पदराचं टोक उजव्या हाताला चार वेढे गुंडाळलं आणि सरळ कॉकवर हात घातला. चाचपलं नाही, शोधलं नाही. माझ्या मीटर रीडरलासुद्धा एवढी सवय नसते. मग बॉनेट पाडून ती आत बसली, बाटलीतलं पाणी टॉवेलवर ओतलं, एक बाबांच्या डोक्यावर ठेवला, एक स्वतःच्या मानेवर.

मी चालत जाऊन तिच्या खिडकीशी उभी राहिले आणि स्कार्फ सोडला. आतून येणारी हवा माझ्या तोंडावर आली. डोळ्यांत पाणी आणणारी हवा होती.

बाबांनी कपाळावरचा टॉवेल काढून मांडीवर ठेवला. "मी नाहीच म्हणून राहिलो होतो," ते म्हणाले.

"आई, काय करून राहिली तू?" मी घरात असं बोलत नाही, पण त्या वेळी तेच तोंडात आलं.

"सुई लालवर जाते," आई म्हणाली. डॅशबोर्डवरच्या तापमानाच्या काट्याकडे तिनं बोट दाखवलं. "सिग्नलले उभी राह्यली का चढते. कॉक उघडला का उतरते. गरमी आतमंदी येते, इंजन थंड राह्यते. तुह्या बाबानं मले जिंदगीभर हेच तं सांगतलं, दाब वाढला का वाफेले कुठं तरी वाट द्या लागते."

"मागच्या वर्षीपण?"

"मागच्या वर्सी यायनं उघडला. मी पडली, तवापासून हे हात नाही लावत. म्हणते, उकळू दे, इकून देऊ. मंग मी लावतो."

"मला सांगायचं ना."

"तुले?" तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जसं लोक मी मीटरपाशी उभी असताना पाहतात. "तूच म्हनलं होतं ना, एकडाव उकळली तं मीच इकीन? इंजन तापलं तं धूर निघते, रस्त्यात लोक जमा होते, साऱ्यायले दिसते. मी तापली तं कोनाले दिसते वं?"

पानठेल्यावरचा माणूस आमच्याकडे बघत होता. मी बाटलीतलं उरलेलं पाणी तिच्या टॉवेलवर ओतलं. तिच्या मानेला हात लागला आणि ती केवढी तापली होती ते मला पहिल्यांदा कळलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा, ही म्हण मी कितीतरी पंचनाम्यांच्या वेळी हसत हसत वापरली आहे. दर रविवारी मी फाटकात उभी राहून गाडीला हात लावत होते. तिच्यातून उतरणाऱ्या बाईला नाही. लाज वाटली, आणि ती अजून गेलेली नाही.

त्या दिवशी मावशीला भरवायला आई माझ्या स्कूटरवर गेली. ऊन उतरल्यावर बाबांनी सिग्नल टाळत, आडरस्त्यानं गाडी हळूहळू सरळ गॅरेजला आणली. मी म्हटलं, "भाऊ, आज इंजिन बघा." त्याला अर्धा तासही लागला नाही. समोरच्या रेडिएटरचा पंखा, जो गाडी उभी असताना आपोआप सुरू व्हायला हवा, तो सुरूच होत नव्हता. त्याचा स्विच मेला होता. करंगळीएवढी वस्तू.

"हे आधी का नाही सांगितलंत?"

"ताई, तुमी मले इंजनले हात लावू देल्ला का?" तो हात पुसत म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. "स्टूल टाकून बाजूले बसल्या होत्या."

मी बाबांकडे पाहिलं. छत्तीस वर्षं ज्यानं बॉयलर सांभाळला, त्याला पंख्याचा स्विच मेलाय हे कळलं नसेल? ते जमिनीकडे बघत होते. म्हणाले, कळलं होतं. पण गॅरेजला सांगितलं असतं तर माझ्या कानावर आलं असतं, आणि आईनं त्यांना शपथ घातली होती.

नवा स्विच बसला, कॉक बंद झाला आणि या वेळी त्याच्यावर मी ठिपका दिला नाही. आधीच्या ठिपक्याचंही आईला सांगून टाकलं. नवतपा लागला त्या दिवशी भावाचा फोन आला. गाडीचं काय, असं त्यानं विचारलं. मी त्याला आधी हे सगळं सांगितलं, त्याच्याबद्दल जे मनात आणलं होतं तेसुद्धा. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "आईला दे."

आता रविवारी ती दोघं परत येतात तेव्हा मी फाटकात असतेच. गाडी आत येते, आई दार उघडते, मी तिला हात देते आणि उठता उठता तिच्या मानेला हात लावून पाहते. साडी कोरडी असते. पहिल्या दोन रविवारी तिनं ते चालवून घेतलं. तिसऱ्या रविवारी तिनं माझा हात बाजूला केला, आत जाऊन भाचीची बाटली शोधून आणली आणि माझ्या हातात दिली.

"घे," ती म्हणाली. "तुह्या मनाची खातरी होत नसन, तं लाव मले बी एक ठिपका."

बाबा हसले. ती मात्र करंगळी पुढे धरून उभी होती. मी तिथंच पायरीवर बसले आणि नख रंगवलं. वाळेपर्यंत तिचा हात हातात धरून ठेवला.